मंगलआक्काचा कायदा

कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापुरात तहसीलदार कचेरीच्या फाटकासमोर 'रवळनाथ झेरॉक्स अँड ऑनलाईन सेंटर' आहे. सेंटर म्हणायचं ते आपलं पाटीवर लिहिलंय म्हणून. एक टेबल, त्यावर संगणक, शेजारी झेरॉक्सचं मशीन, भिंतीला एक कुरकुरणारा पंखा आणि बाहेर लाकडी बाकडं. गिऱ्हाईक आत मावत नाही, म्हणून त्यानं बाकड्यावर बसायचं आणि कागद खिडकीतून आत द्यायचे, अशी इथली रीत आहे. या दुकानाची मालकीण, कारकून, दुभाषी आणि झाडूवाली एकच बाई. तिचं नाव मंगल घाडी. पन्नाशीला अजून अवकाश आहे, तरी सत्तरीची माणसंसुद्धा तिला मंगलआक्का म्हणतात.

मंगलआक्काचा स्वभाव भाकरीच्या तव्यासारखा. लवकर तापतो, पण तापल्याशिवाय भाकरी कुठली होणार? सरकारी अर्ज कन्नडात, माणसांच्या तोंडात मराठी आणि अर्ज अडकला की पडद्यावर उमटणारी तक्रार इंग्रजीत. या तिन्ही भाषांच्या मधोमध ही बाई दिवसभर पदर खोचून उभी असते. संगणक बंद पडला की मात्र ती अस्सल मराठी माणसालाही "सर्वर इल्ला" असंच कन्नडात सांगते. नकार कन्नडात दिला की तो सरकारी वाटतो आणि लोक वाद घालत नाहीत, असा तिचा अनुभव आहे.

आता तिच्या दुकानाची खरी गंमत सांगायला हवी. खानापूरच्या जंगलाकडची गावं म्हणजे पावसाळ्यात चुलीपुढची काडेपेटीसुद्धा ओली. घरात ठेवलेला कागद पावसानं गेला नाही तर वाळवीनं जातो, आणि वाळवीतून सुटला तर उंदीर आहेतच. त्यामुळे एकदा आधार कार्ड स्कॅन करून झालं की माणूस म्हणायचा, "आक्का, आता ह्ये तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे." ते तिच्या संगणकात राहायचं. मग रेशन कार्ड राहायचं, शेताचा उतारा राहायचा, पोरांचे जातीचे दाखले, सुनेचं बँकेचं पासबुक, एकेकाचे तर लग्नातले फोटोसुद्धा. "कागदं कुठं आहेत?" असं कुणी विचारलं की जांबोटीपासून नंदगडापर्यंत उत्तर एकच असे, "मंगलआक्काकडं हाईत."

ओटीपीचीही तीच तऱ्हा. फोन असायचा घरी, माणूस असायचा बाकड्यावर. घरची बाई अंगणात उभी राहून आकडे ओरडून सांगायची, इकडे फोनचा स्पीकर चालू, आणि माणूस मधला आकडा विसरला तर बाकड्यावरचा दुसरा कुणीतरी त्याला आठवण करून द्यायचा. संगणकाचा पासवर्ड होता एक दोन तीन चार. तोही सगळ्यांना ठाऊक होता, कारण आक्का जेवायला गेली की लोक आपापले कागद आपणच काढून घेत. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय असला हा कारभार. नशीब एवढंच, की तोवर कुत्रं आलं नव्हतं.

एक अडचण मात्र होती. या तालुक्यात दर दुसऱ्या घरात एक भावकू आणि तिसऱ्या घरात एक रवळू. 'भावकू गावडे' असं लिहून शोधलं की अर्धा पडदा भरायचा. बापाचं नाव तेच, गाव तेच, वयसुद्धा जवळजवळ तेच. शेवटी मंगलआक्कानं नावांचा नाद सोडला आणि फोल्डरांना खुणा दिल्या. 'फोटोत डोळे मिटणारा'. 'उद्या देतो'. 'म्हैस' (याची म्हैस एकदा कचेरीत शिरली होती). 'मोठी सही'. एका फोल्डरचं नाव नुसतंच 'सासू' होतं. या खुणांनी कुठलाही कागद डोळ्याचं पातं लवायच्या आत सापडायचा.

आणि एका फोल्डरचं नाव होतं 'कटकट'. तो होता भावकूअण्णांचा.

भावकू गावडे म्हणजे उंच, वाळका, पांढऱ्या टोपीतला म्हातारा. जांबोटीच्या वाटेवर त्याचं भाताचं रान आहे. दुकान नवं होतं तेव्हापासून तो बाकड्यावर येऊन बसायचा, आणि भाताच्या चार वाफ्यांपलीकडच्या बैलाला हाक मारावी तशा आवाजात विचारायचा, "झालं का गं, मंगल?" जरा वेळानं पुन्हा, "झालं का?" त्या सुरुवातीच्या दिवसांत मशीन नवं, हात नवा, त्यात हा घोष. तोंडावर ती "व्हतंय, अण्णा" म्हणायची आणि दात आवळायची. त्याच्या फोल्डरला नाव द्यायची वेळ आली तेव्हा तिला विचार करावा लागला नाही. पुढे सवय झाली. अण्णा कामाशिवायही येऊन बसायचे, ती चहा द्यायची, तिच्या पोटदुखीवर ते कसलासा पाला आणून द्यायचे. पण फोल्डरचं नाव जे पडलं ते पडलं.

अशात एका रविवारी मंगलआक्काची भाची तेजस्वी आली. तेजस्वी तिच्या भावाची मुलगी. अनगोळला राहते आणि बेळगावात एका वकिलांकडे काम करते. कंपन्यांनी, बँकांनी लोकांची माहिती कशी सांभाळावी, चोरी झाली तर कुणाला कधी कळवावं, हे सांगणं हेच तिचं काम. आत्याच्या हातची नाचणीची आंबील पिता पिता तिनं संगणकाकडे पाहिलं आणि पेला खाली ठेवला.

"आत्या, हे सगळं लोकांचं आहे?"

"मग काय माझं? माझ्याकडं एवढी आधार कार्डं कशाला असतील?"

"आणि पासवर्ड?"

बाकड्यावर बसलेल्या एकानं खिडकीतून तो सांगितला.

तेजस्वीनं कपाळाला हात लावला. मग तिनं आत्याला समोर बसवून सगळं नीट समजावलं. दुसऱ्या एका तालुक्यात असल्याच एका दुकानातले कागद कुणीतरी पेनड्राइव्हवर नेले आणि भल्या माणसांच्या नावावर सिमकार्डं निघाली. पोलीस आधी आले ते त्या माणसांच्या दारात. एका म्हाताऱ्या बाईला तर आपल्या नावावर फोन आहे हेच माहीत नव्हतं, आणि त्या फोनवरून लोकांना फसवलं जात होतं.

मंगलआक्काचा चेहरा उतरला. "आणि दुकानवाला?"

"त्यानं काही केलं नव्हतं. पण कुलूपही लावलं नव्हतं ना. आता नवा कायदा आलाय, आत्या. लोकांची माहिती म्हणजे लोकांची ठेव. ज्या कामाला घेतली त्याच कामाला वापरायची, तीही विचारून. नीट कुलपात ठेवायची. काम संपलं की पुसायची. चोरी झाली तर लपवायचं नाही, ज्याची गेली त्याला सांगायचं आणि या कायद्यासाठी दिल्लीत नेमलेल्या मंडळालाही कळवायचं. आणि कुणी येऊन विचारलं, 'माझं तुझ्याकडं काय काय आहे?', तर दाखवायचं. चुकीचं असेल तर दुरुस्त करायचं. तो म्हणाला पूस, तर पुसायचं."

"न्हाय केलं तर?"

"दंडाचा आकडा सांगत नाही. तुला चक्कर येईल. पण घाई नको, त्यातली बरीच कलमं अजून लागू व्हायची आहेत."

"मग? पोर झाल्यावर पाळणा शोधत हिंडू व्हय?"

मंगलआक्काला एखादी गोष्ट पटली की ती अर्धवट पटत नाही. त्या दिवशी दोघींनी दुकान बंद करून संगणक साफ केला. जुनी, कामाची न राहिलेली ढीगभर चित्रं पुसली. फोल्डरांना कुलूप आलं, पासवर्ड असा लांबलचक झाला की तो टाकताना आक्काचे ओठ हलायचे. ओटीपी मोठ्यानं सांगायचा नाही, असा नियम निघाला. तेजस्वीच्या नजरेस मधेच ती नावं पडली.

"'सासू'? 'कटकट'? आत्या, ही आधी बदल."

"अगं, त्या खुणा हाईत माझ्या. लोक कशाला बघाय येत्यात?"

आणि इथंच तिचं चुकलं. कारण दुसऱ्याच आठवड्यात तिनं स्वतःच्या खर्चानं एक फ्लेक्स करून दुकानावर लावला. त्यावर मोठ्या तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं : 'तुमची कोणती माहिती आमच्याकडे आहे हे बघण्याचा तुम्हाला हक्क आहे. चूक असेल तर दुरुस्त करून मिळेल. नको असेल तर पुसून मिळेल. तक्रार निवारण अधिकारी : सौ. मंगल घाडी.' शेजारी तिचा हात जोडलेला फोटो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

बाजाराचा दिवस होता. बाकड्यावर महादेव बसला होता. हा महादेव पूर्वी कचेरीच्या भिंतीला टेकून लोकांचे अर्ज लिहायचा. ऑनलाईन आलं तसा त्याचा धंदा खालावला, तेव्हापासून तो दिवसाचा बराच वेळ मंगलआक्काच्या बाकड्यावर चहाची वाट बघत काढतो. त्यानं फ्लेक्स मोठ्यानं वाचला. तो ऐकून यशोदाबाई पुढे आल्या. यशोदाबाई भाजीची पाटी घेऊन बाजाराला येतात आणि हक्काचं काही सोडत नाहीत.

"हक्क हाय म्हणतीस, तर दाव की. माझं काय काय हाय तुझ्याकडं?"

मंगलआक्काला केवढा आनंद झाला! कायद्याचं पहिलं गिऱ्हाईक! तिनं ओठ हलवत पासवर्ड टाकला आणि पडदा सरळ खिडकीकडे फिरवला.

यशोदाबाईंना वाचता येत नव्हतं. पण महादेवाला येत होतं, चष्माही होता आणि दुसरं काही कामही नव्हतं.

"ही यशोदाबाई न्हवं का फोटुत? हितं लिवलंय, 'तपकीर'."

बाकड्यावर हशा उसळला. यशोदाबाईंनी नाकाजवळ नेलेला हात खाली घेतला. "कोण तपकीर?"

आता महादेवाला कोण थांबवणार? तो एकेक नाव वाचत सुटला. 'उद्या देतो' असं त्यानं वाचताच मागे उभा असलेला एकजण गुपचूप भाजीच्या गर्दीत शिरला, त्यामुळे तो कोण ते सगळ्यांनाच कळलं. 'म्हैस'वाल्यानं विचारलं, मी म्हैस की माझी म्हैस? 'सासू' नावाच्या फोल्डरावर बाजारातल्या तीन बायकांनी हक्क सांगितला. महादेव अगदी रंगात आला होता. "आणि ह्यो बघा, 'फुकट चहा'! कोण रं ह्यो फुकट चहा?" असं म्हणून त्यानं चष्मा सावरला आणि फोटो पाहिला. फोटो त्याचाच होता.

मंगलआक्कानं झडप घालून पडदा वळवला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आणि या सगळ्या गोंधळात पांढऱ्या टोपीतला एक उंच म्हातारा बाकड्याच्या टोकाशी उभा होता. भावकूअण्णांना मराठी चौथीपर्यंतचं वाचता येतं. 'कटकट' वाचायला तेवढं पुरतं. पडदा वळण्याआधीच त्यांनी ते वाचलं होतं, खाली स्वतःचा फोटोही पाहिला होता. त्यांनी मंगलआक्काकडे पाहिलं आणि वळून बस स्टँडकडे चालू लागले. जाताना त्यांनी "झालं का?" असं विचारलं नाही.

संध्याकाळी तेजस्वीला फोनवर हकीकत सांगताना आक्का रडकुंडीला आली होती. तिकडे तेजस्वीला हसू आवरत नव्हतं.

"आत्या, एकाचं दाखवताना सगळ्यांचं दाखवलंस की! कायद्यात माहितीचा भंग म्हणतात तो हाच. आता ज्यांची ज्यांची नावं दिसली त्यांना कळवायला हवं."

"कळवायची गरज न्हाय. महादेवनं कळवलंय."

पुढचे काही दिवस दुकानावर दुरुस्तीसाठी रांग लागली. कायद्यानं दुरुस्ती मिळते हे फ्लेक्सवरच लिहिलेलं, मग आक्काला नाही कसं म्हणता येणार? लोकांनी आपापली नावं सांगितली आणि तिनं ती घातली. 'म्हैस'चा 'प्रगतशील शेतकरी' झाला. 'मोठी सही'चा 'भावी पंचायत अध्यक्ष' झाला, आणि त्याच्या भावकीतल्या दुसऱ्यानंही तेच नाव मागितलं. यशोदाबाईंनी सांगितलं, "लिव्ह, लक्ष्मी." अशा लक्ष्म्या आणि अध्यक्ष आणि प्रगतशील शेतकरी एवढे झाले की आक्काला एकही कागद सापडेना. एका प्रगतशील शेतकऱ्याचा पीक विम्याचा अर्ज दुसऱ्याच प्रगतशील शेतकऱ्याच्या आधार कार्डावर जाता जाता वाचला. तेजस्वीनं फोनवरून बजावलं, "दुरुस्ती म्हणजे खोटं लिहिणं नव्हे गं!"

पण लोक रागावले असं नाही. खानापूरची माणसं हसून घेतात आणि विसरतात. बाजारात यशोदाबाईंना तपकीरआक्का म्हणून हाक गेली आणि त्यांनी ओ दिली.

रागावला होता तो एकच माणूस. भावकूअण्णा फिरकले नाहीत.

मंगलआक्काला आधी वाटलं, येतील. मग आठवण झाली ती अण्णांच्या पेन्शनची. म्हातारपणाच्या पेन्शनला हयातीचा दाखला लागतो, म्हणजे 'हा माणूस जिवंत आहे' असं अंगठा लावून सरकारला सांगायचं. त्याची मुदत या महिन्याअखेर संपत होती. दाखला गेला नाही तर पेन्शन थांबणार. अण्णांचे कागद तिच्याकडे होते, दरवर्षी तीच हे करायची. तिनं त्यांच्या गावच्या माणसाबरोबर निरोप पाठवला. उलटा निरोप आला, "मेलो म्हणून लिव्ह."

ते ऐकून बाकड्यावरचे हसले. मंगलआक्का हसली नाही. तिला ते फार लागलं. तिला त्या बाकड्याकडे बघवेना. महादेव तिथं बसलेलाच असायचा, पण तिच्या लेखी बाकडं रिकामंच. काम चालू असताना तिचे कान मधेच टवकारायचे आणि काहीच ऐकू यायचं नाही. इतकी वर्षं जिचा वैताग केला ती हाक बंद झाल्यावर तिला चुकल्यासारखं वाटत होतं. पेन्शनपायी म्हाताऱ्याचे हाल होतील ही काळजी तर होतीच, पण तो आपल्यावर रागावून बसलाय हे तिला त्याहून सोसत नव्हतं. येत्या रविवारी आपणच त्यांच्या गावी जायचं, असं तिनं ठरवलं.

तशी वेळ आली नाही. शनिवारी सकाळी भावकूअण्णा जांबोटीच्या बसमधून उतरले, ताठ चालत आले आणि खिडकीपुढे उभे राहिले.

"तक्रार करायची हाय."

"कुणावर, अण्णा?"

"तुझ्यावर. थेट दिल्लीला."

महादेव बाकड्यावरून उठला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या धंद्याची वेळ आली होती. "अण्णा, मी लिवतो की. झकास लिवतो, स्टँप पेपरावर."

"तुला लिवता येतंय, खरं दिल्लीवाले ऑनलाईन घेत्यात म्हणं."

"ऑनलाईनच, अण्णा," मंगलआक्का हळू आवाजात म्हणाली. "खरं कायदा म्हणतोय, आधी दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं करायची. तिथं दाद न्हाय मिळाली तर मग दिल्ली."

"मग बोलाव त्याला. कुटं हाय त्यो अधिकारी?"

तिनं वर फ्लेक्सकडे बोट दाखवलं. अण्णांनी मान वर करून तिचा हात जोडलेला फोटो पाहिला, मग खिडकीतल्या तिला पाहिलं. त्यांचा जरा गोंधळ झाला. पण कायदा म्हणजे कायदा. ते बाकड्यावर बसले.

"बरं. लिव्ह."

मंगलआक्कानं कोरं पान उघडलं. स्वतःवरची तक्रार ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकून टाईप करणार होती, आणि त्यातला एक काना इकडचा तिकडं करायचा नाही असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

"मी भावकू रामा गावडे. ही मंगल घाडी मला तोंडावर अण्णा म्हणती आणि मशीनीत कटकट म्हणती."

तिनं ते जसंच्या तसं लिहिलं. "फुडं?"

"हिनं दुकान काढलं तवा हितं कुत्रं बी फिरकत न्हवतं. बाईमाणूस मशीन काय चालवणार म्हणून लोक हसत हुती. ह्यो महादेव बी हसत हुता. लिव्ह, महादेवाचं नाव बी लिव्ह."

महादेव कचेरीच्या फाटकाकडे निरखून बघू लागला.

"तवा मी शेतातलं काम टाकून रोज ह्या बाकड्यावर येऊन बसलो. माझं काय बी काम न्हवतं गं. एक उतारा हुता, त्यो बी जुना. खरं रिकाम्या दुकानात माणूस शिरत न्हाय. एक बसलेला दिसला की चार येत्यात. आणि आत काम चाललंय ह्ये रस्त्यावरच्या लोकास्नी कळावं, म्हणून मी वरडत हुतो. झालं का गं मंगल, झालं का. मग गिऱ्हाईक याय लागलं आणि मला सवयच लागली. लिव्ह की. का थांबलीस?"

मंगलआक्काची बोटं थांबली होती. तिला ते नवे दिवस दिसत होते. रिकामा रस्ता, पहिल्या आठवड्यात कचेरीतून बाहेर पडून दुकानाकडे वळलेली पहिली माणसं, आणि बाकड्यावर ओरडणारा हा वाळका माणूस. तेव्हा तिला वाटलं होतं, देवानं आपल्या नशिबी काय कटकट दिलीय. इतक्या वर्षांत तिच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि पडद्यावरची अक्षरं पुसट झाली.

"अण्णा, माझं चुकलं. लई चुकलं. मला कळलंच न्हाय," ती म्हणाली.

"ते खाली लिव्ह. अधिकाऱ्याचा शेरा म्हणून."

तिनं तेही लिहिलं. मग पदरानं डोळे टिपून विचारलं, "आणि मागणी काय लिहू? सगळं पुसून टाकू? तुमचा हक्क हाय तो. पुसलं की मग माझ्याकडं तुमचं काय बी ऱ्हाणार न्हाय."

अण्णा विचारात पडले. "आणि मग दाखल्याला पुन्यांदा सगळी कागदं घिऊन याय लागतील?"

"व्हय."

"त्यातली निम्मी वाळवीनं खाल्ली."

"मग नुसतं नाव बदलू? 'प्रगतशील शेतकरी' घालू?"

"असल्या थापा नगत," अण्णा म्हणाले. "मी कटकट हाय ती हायच. आमची म्हातारी बी जाईस्तोवर मला त्येच म्हणत हुती. खरं ती म्हणताना आदी 'अहो' लावायची. तू तोंडावर अण्णा म्हणतीस न्हवं? मग तितं बी म्हण."

मंगलआक्कानं फोल्डर उघडलं. 'कटकट' या शब्दाच्या पुढे तिनं एक जागा सोडली आणि 'अण्णा' लिहिलं. पडदा फिरवून दाखवला, या वेळी फक्त तेवढाच. अण्णांनी टोपी मागे सारून ते सावकाश वाचलं आणि मान हलवली.

"आणि माझं काय?" महादेवानं विचारलं. "माझा बी हक्क हाय की."

"'फुकट चहा दादा'," मंगलआक्का म्हणाली, "आणि आता गप बस." पुढे तिनं सगळ्यांचंच तसं केलं. लक्ष्म्या आणि अध्यक्ष गेले, तपकीरआक्का आणि म्हैसमामा आले, आणि कागद पुन्हा सापडू लागले.

मग दाखल्याचं काम निघालं. आयुष्यभर भाताची रोपं उपटून आणि लावून अण्णांच्या अंगठ्यावरच्या रेषा विरल्या होत्या. यंत्र त्यांना ओळखेना. तिनं अंगठा पुसला, खोबरेल लावलं, पुन्हा पुसला, दुसरं बोट लावून पाहिलं. सरकारची काही खात्री पटेना की हा माणूस जिवंत आहे. अण्णा बाकड्यावर जाऊन टेकले आणि हात खिडकीतून आत ठेवून रस्त्याकडे बघत बसले. इतक्यात यंत्रावर हिरवा दिवा लागला, आणि मशीननं सुरुसुरु आवाज करत दाखला बाहेर काढला. अण्णांच्या ते लक्षात आलं नाही.

कचेरीच्या फाटकात एक नवराबायको उभी होती. कुठल्याशा आतल्या गावची असावीत. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, आणि कुणाला विचारावं हे न कळून दोघं इकडेतिकडे बघत होती.

"झालं का गं, मंगल?" भावकूअण्णांनी चार वाफ्यांपलीकडे जाईल अशा आवाजात विचारलं.

मंगलआक्कानं तो गरम गरम दाखला मशीनमधून उचलला आणि टेबलाच्या खणात सारला.

"व्हतंय, अण्णा!" तीही तेवढ्याच मोठ्यानं ओरडली. "बसा जरा!"

ते ऐकून त्या नवराबायकोनं इकडे पाहिलं, एकमेकांशी काहीतरी बोलली, आणि रस्ता ओलांडून बाकड्याकडे यायला लागली.